नव्या नाटकांची शिफारस

कादंबरी छापून झाली की तिच्यापुरते काम बहुतांशी संपलेले असते. ग्रंथालयाच्या फळीवर ती वीस वर्षे स्वस्थ पडून राहिली, तरी एकविसाव्या वर्षी हाती घेणारा एकटा वाचक तिला पुरतेपणी अनुभवू शकतो. नाटकाची स्थिती वेगळी आहे. छापील संहिता हा नाटकाचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग घडण्यासाठी आठ-दहा नट, एक दिग्दर्शक, तालमीची जागा, महिना-दीड महिन्याच्या संध्याकाळी आणि बऱ्यापैकी पैसा लागतो. एवढा व्याप एखाद्या अपरिचित संहितेसाठी करायला कोणी सहसा धजत नाही. तिच्याविषयी विश्वासाने सांगणारा कोणीतरी मध्ये असावा लागतो. भारतीय रंगभूमीच्या इतिहासात नाटककार, नट आणि दिग्दर्शक यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नव्या नाटकाची संहिता एका गावाहून दुसऱ्या गावी, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत पोहोचविणाऱ्या या मधल्या माणसाची मात्र फारशी दखल घेतली गेलेली नाही.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हा मधला माणूस जागोजागी होता. बादल सरकार पेशाने नगररचनाकार होते. त्यांनी १९६३मध्ये बंगालीत लिहिलेले ‘एवम् इंद्रजित’ १९६५मध्ये ‘बहुरूपी’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात छापले गेले. प्रतिभा अग्रवाल यांनी ते हिंदीत आणले आणि गिरीश कार्नाड यांनी इंग्रजीत. श्यामानंद जालान यांनी कलकत्त्यात आणि सत्यदेव दुबे यांनी मुंबईत त्याचे हिंदी प्रयोग केले. स्वतः कार्नाडांचे १९६४मधील कन्नड ‘तुघलक’ ब. व. कारंत यांनी हिंदुस्थानीत नेले, तर मराठीत विजय तेंडुलकरांनी. तेंडुलकरांनीच मोहन राकेश यांच्या ‘आधे अधूरे’ या १९६९च्या हिंदी नाटकाचाही मराठी अनुवाद केला, आणि त्यांचे स्वतःचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७चे नाटक लवकरच हिंदीत व इतर भाषांत जाऊन पोहोचले. या हकिकतीत तीच ती नावे पुन्हा पुन्हा येतात. एका भाषेतील नाटककार दुसऱ्या भाषेतील समकालीनाचा अनुवादक झाला. आपल्या लेखनातील दिवस काढून त्याने परक्याचे नाटक आपल्या प्रेक्षकांपुढे ठेवले. शिफारशीचा याहून भक्कम प्रकार दुसरा कोणता असणार?

या देवघेवीला नियतकालिकांचा आधार होता. नेमिचंद्र जैन यांचे ‘नटरंग’ १९६५पासून हिंदीत निघू लागले. दिल्लीहून राजिंदर पॉल यांनी चालविलेले ‘एनॅक्ट’ भारतीय नाटकांचे इंग्रजी अनुवाद संपूर्ण छापीत असे, आणि मद्रासचा किंवा अहमदाबादचा दिग्दर्शक अंक हाती पडताच ते नाटक बसवायला घेऊ शकत असे. दिल्लीतच राजिंदर नाथ यांच्या ‘अभियान’ या संस्थेने परदेशी रूपांतरांऐवजी भारतीय भाषांतील मूळ नाटकांवर सारा भर दिला. परिणामी नवे नाटक लिहिल्यापासून चार-पाच वर्षांत देशातील प्रमुख भाषांत प्रयोगाला उभे राहात असे. १९७४मध्ये इब्राहिम अल्काझी यांनी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात ‘तुघलक’ सादर केले, तेव्हा मूळ कन्नड नाटकाला अवघी दहा वर्षे झाली होती आणि तोवर ते अखिल भारतीय नाटक मानले जाऊ लागले होते.

त्या मानाने आजची अवस्था चमत्कारिक आहे. नाटके कमी लिहिली जातात असे मुळीच नाही. बंगळूर, कोलकाता, पुणे, इंफाळ, जालना अशा कितीतरी ठिकाणी नवे लेखक लिहीत आहेत. तथापि संहिता फिरत नाहीत. ‘एनॅक्ट’ केव्हाच बंद पडले. नाटकाचे पुस्तक खपत नाही म्हणून प्रकाशक ते छापायला नाखूष असतात, आणि छापले तरी ते त्याच भाषेच्या वाचकांपुरते राहाते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या भारत रंग महोत्सवात १९९९पासून अनेक भाषांतील प्रयोग पाहायला मिळतात, हे खरे. परंतु पाहिलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी स्मृतीत जातो. तालमीसाठी हाती संहिताच लागते. म्हणून इंदूरच्या किंवा नागपूरच्या महाविद्यालयीन संघाला ‘आधुनिक भारतीय नाटक’ करावयाचे झाले, की तो अजूनही वर सांगितलेल्या चार नाटकांपैकीच एखादे उचलतो. ती चार नाटके थोरच आहेत. पण ती साठ वर्षांपूर्वी नवी होती, आणि तेव्हा कोणीतरी धाडस करून ती निवडली होती.

मग आज कोणती निवडावीत? येथे विचारात घेतलेली नाटके साधारणपणे १९९० नंतरची आहेत. सर्वोत्कृष्टांची यादी करण्याचा हेतू नाही. मर्यादित साधनांच्या नाट्यसंस्थेला पेलतील आणि तरीही तिची परीक्षा घेतील, अशी ही नाटके आहेत.

हौशी संघाच्या हाती पहिल्याने द्यावे असे नाटक स्वदेश दीपक यांचे ‘कोर्ट मार्शल’ होय. १९९१मध्ये रणजित कपूर यांनी ते प्रथम सादर केले. रामचंदर हा दलित जवान आपल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला ठार आणि दुसऱ्याला जखमी करतो आणि गुन्हा नाकारीत नाही. म्हणजे ‘कोणी केले’ हा प्रश्न पडदा उघडताच निकालात निघतो. बचाव करणारा कॅप्टन विकास रॉय ‘का केले’ एवढाच प्रश्न लावून धरतो आणि सैन्याच्या शिस्तीआड दडलेली जात टप्प्याटप्प्याने न्यायालयापुढे येते. स्थळ एकच, नेपथ्य म्हणजे काही खुर्च्या व टेबले, पात्रे सगळी गणवेशात. खर्चाच्या दृष्टीने याहून सोयीचे नाटक शोधून सापडणार नाही. त्याचा शेवट थोडा भडक आहे आणि दिग्दर्शकाने तेथे आवाज चढविण्याऐवजी उतरवावा हे बरे. परंतु उलटतपासणीच्या प्रसंगांची बांधणी इतकी पक्की आहे की, मध्यम कुवतीचे नटही त्यात उठून दिसतात. ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही. पुष्कळ चांगली नाटके चांगल्या नटांवाचून कोसळतात.

असगर वजाहत यांचे ‘जिस लाहौर नइ देख्या ओ जम्याइ नइ’ हे अधिक मोठे आणि अधिक अवघड नाटक आहे. हबीब तन्वीर यांनी १९९०मध्ये दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग केला. फाळणीनंतर लखनौहून लाहोरला आलेल्या सिकंदर मिर्झांच्या कुटुंबाला एक हवेली मिळते. हवेली एका हिंदू जवाहिऱ्याची. तो नाहीसा झालेला आहे, पण त्याची म्हातारी आई वरच्या मजल्यावर अजून राहात आहे आणि घर सोडायला तयार नाही. सुरुवातीला तिला घालविण्याचे बेत करणारे हे कुटुंब हळूहळू तिला ‘माई’ म्हणू लागते. शेवटी ती मरण पावते तेव्हा तिचे अंत्यसंस्कार तिच्या धर्माप्रमाणे व्हावेत असा निर्णय देणाऱ्या मौलवींना आपला जीव गमवावा लागतो. अंबाल्याहून लाहोरला गेलेले कवी नासिर काझमी या नाटकात पात्र म्हणून वावरतात, आणि त्यांच्या निमित्ताने घर सुटण्याची कळ वेगळ्याच सुरात व्यक्त होते.

या नाटकाच्या अनुवादाचा प्रश्न मुद्दाम पाहण्यासारखा आहे. म्हातारी पंजाबी बोलते आणि मिर्झांचे घर लखनवी उर्दू. पहिल्या अंकातील विनोद, गैरसमज आणि पुढची जवळीक या सगळ्यांचा उगम दोन बोलींच्या या अंतरात आहे. मराठीत, तमिळमध्ये किंवा असमियात नेताना दोघांनाही एकाच प्रमाण भाषेत बोलायला लावले, तर कथा उरते आणि नाटक जाते. उलट म्हातारीला स्थानिक बोली दिली, उदाहरणार्थ मराठी अनुवादात मालवणी किंवा वऱ्हाडी, तर अंतर टिकते, पण लाहोर हरवते. तिचे पंजाबी तसेच ठेवून इतरांची वाक्ये अनुवादित करणे हा मार्ग त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. प्रत्येक शब्द कळला नाही तरी मिर्झांच्या कुटुंबालाही प्रारंभी तो कळत नसतोच, आणि प्रेक्षक आपोआप त्यांच्या जागी जाऊन बसतो.

स्थानिकतेचा असाच पेच जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मध्ये आहे. मंगेश कदम यांनी दिग्दर्शित केलेले हे मराठी नाटक १९९७मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या पार्श्वभूमीला १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप आहे. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या. पवारांनी मोर्चे आणि सभा रंगमंचावर आणल्या नाहीत. चाळीतील एका खोलीत राहणारी आई आणि तिची मोठी झालेली, कामाधंद्याविना धुमसणारी मुले एवढ्यावरच त्यांनी सारे तोलले आहे. एवढ्याशा खोलीत कोणालाच पाय पसरायला जागा नाही, यातूनच भांडणे पेटतात. २०१०मध्ये त्यावर ‘लालबाग परळ’ हा चित्रपट निघाला आणि कथा सर्वदूर गेली. परंतु चित्रपटाने जे खोलीबाहेर काढले, ते आत कोंडलेले असणे हीच नाटकाची ताकद होती. अहमदाबाद आणि कानपूर या शहरांनीही बंद गिरण्यांचे दिवस पाहिलेले आहेत. गुजराती आणि हिंदी संघांनी हे नाटक आपल्या गिरणगावात रुजवून पाहावे. तेथे त्याला तळटीप लागणार नाही.

तळटीप लागणारे नाटकही असते. व्रात्य बसू यांचे २००२मधील बंगाली ‘उइंकल टुइंकल’ हे त्याचे ठळक उदाहरण. सव्यसाची सेन हा निष्ठावान साम्यवादी कार्यकर्ता १९७६मध्ये नाहीसा होतो आणि सव्वीस वर्षांनी अचानक परत येतो. मधल्या काळात, १९७७पासून, त्याच्याच विचारांचे सरकार राज्यावर आहे. ज्या दिवसाची त्याने वाट पाहिली तो उजाडून जुना झालेला आहे, आणि त्याचा स्वतःचा मुलगा विरोधी पक्षात आहे. डावी आघाडी सत्तेवर असतानाच हे नाटक कोलकात्यात गर्दी खेचीत होते, ही गोष्ट त्या शहरातील प्रेक्षकांविषयी पुष्कळ काही सांगते. २०११मध्ये ती आघाडी सत्तेवरून गेली. बसू पुढे नव्या सरकारात मंत्री झाले. तेव्हा या नाटकाचे आजचे वाचन २००२च्या वाचनाहून वेगळे होणार, हे उघड आहे. बंगालबाहेरच्या दिग्दर्शकाने पक्षांच्या नावांत अडकू नये. आयुष्य ज्या ध्येयाला वाहिले ते सफल झाल्यावर कसे दिसते, हे पाहायला परत आलेला माणूस कोणत्याही राज्यात ओळखीचा आहे.

मूळ इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय नाटकांकडे देशी भाषांचे संघ सहसा वळत नाहीत. ही अढी सोडायला मंजुळा पद्मनाभन यांचे ‘हार्वेस्ट’ पुरेसे आहे. १९९७मध्ये ग्रीसमधील ओनॅसिस प्रतिष्ठानच्या आंतरराष्ट्रीय नाट्यलेखन स्पर्धेत ते पहिले आले. मुंबईतील एका खोलीत राहणारा ओम नोकरी गेल्यावर आपल्या शरीराचे अवयव एका परदेशी कंपनीशी करार करून विकतो. घरात पैसा येतो, स्वच्छता येते, गोळ्यांचे अन्न येते. आणि छताला टांगलेल्या यंत्रातून गिनी नावाची गोरी ग्राहक दिवसातून केव्हाही घरात डोकावू लागते. अविवाहित असल्याची अट पुरी करण्यासाठी ओमची बायको जया बहीण म्हणून नोंदवली जाते. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४मध्ये झाला, त्याला तेव्हा तीनच वर्षे लोटली होती. लेखिकेने कथानक २०१० सालात ठेवले होते. ते साल मागे पडले; मात्र भिंतीवरच्या पडद्यातून घरावर नजर ठेवणारा परका चेहरा तेव्हा कल्पित होता, आता तसा राहिलेला नाही. एका खोलीचे नेपथ्य असले तरी यंत्राचा भाग खर्चिक होऊ शकतो. नुसता प्रकाशझोत आणि आवाज एवढ्यावरही तो भागतो.

अभिषेक मजुमदार यांचे २०१४चे हिंदी नाटक ‘कौमुदी’ मात्र पहिल्याच प्रयत्नात हाती घेऊ नये. अलाहाबादच्या रंगभूमीवरचा एक ज्येष्ठ नट दृष्टी गमावीत चालला आहे आणि त्याच्यासमोर उभा राहतो तो त्याचाच मुलगा. नाटकातील नाटकात एकलव्य आणि अभिमन्यू समोरासमोर येतात. दोन पातळ्या सतत एकमेकींत मिसळतात, संवाद लांब आहेत, आणि दोन खरोखरीचे समर्थ नट नसतील तर प्रयोग व्याख्यानासारखा होण्याचा धोका आहे. तसे नट मिळाले तर महाभारतावर उभ्या असलेल्या अलीकडच्या लेखनात याच्या तोडीचे थोडे आहे. याउलट राजकुमार तांगडे यांचे २०१२चे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ गावच्या चौकातही उभे राहू शकते. नंदू माधव यांनी ते दिग्दर्शित केले, संगीत संभाजी भगत यांचे, आणि त्यातील बरेच नट जालना जिल्ह्यातील शेती करणारे तरुण होते. शाहिरी आणि लोकनाट्य यांच्या चालीवर चालणारे हे नाटक इतिहासाच्या मालकीचा वाद हसत-खेळत अंगावर घेते. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही १९७७ची एकांकिका नवी म्हणता येणार नाही. तिचा उल्लेख वेगळ्या कारणासाठी करायचा. तिला दोन नट पुरतात आणि नेपथ्य लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती अनेक भारतीय भाषांत जाऊ शकली. नाटकाच्या प्रवासात सामान हलके असण्याला किती महत्त्व आहे, हे तिच्यावरून कळते.

संहिता निवडताना ती एकट्याने मनात वाचून निर्णय घेण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. ती चुकीची आहे. मनातल्या मनात वाचताना रंगसूचना आणि संवाद यांना सारखेच वजन मिळते, आणि वर्णनात सुंदर पण बोलण्यात जड असलेले नाटक उगाच आवडून जाते. सात-आठ जणांनी बसून, भूमिका वाटून, मोठ्याने वाचावे. घड्याळ लावून ठेवावे. कोणत्या पानावर ऐकणारे चुळबुळ करू लागले याची खूण करावी. तेथे दोष नाटकाचा आहे की वाचणाऱ्याचा, हे दुसऱ्या वाचनात भूमिका बदलून तपासता येते. ग्रंथालयांना हे सहज जमण्यासारखे आहे. कर्नाटकात हेग्गोडू या लहानशा खेड्यात १९४९मध्ये स्थापन झालेल्या ‘नीनासम्’ या संस्थेने असे वाचन, चर्चा आणि प्रयोग यांची सवय गावाला लावली, आणि १९८५पासून तिचा ‘तिरुगाट’ हा फिरता संच नाटके घेऊन कर्नाटकभर हिंडू लागला. लेखनाच्या टोकाकडूनही काही प्रयत्न झाले. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५पासून तरुण नाटककारांसाठी योजना राबविली. मुंबईच्या ‘रेज’ या संस्थेने लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या साहाय्याने घेतलेल्या कार्यशाळांतून अनेक भाषांतील नवी नाटके लिहून झाली आणि २००४, २००७, २०१२ व २०१६ या वर्षी त्यांचे महोत्सव भरले. अशा महोत्सवातून पुढे आलेल्या संहिता शोधणाऱ्याने त्या महोत्सवांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका जरूर चाळाव्यात. नावे तेथे सापडतात.

नाव सापडल्यावर संहिता मिळवायची ती लेखकाकडून, आणि येथे हौशी संस्था बऱ्याचदा हयगय करतात. १९५७च्या भारतीय कायद्यानुसार नाटकाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर पुढील साठ वर्षे टिकतो. मोहन राकेश १९७२मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या नाटकांवरील हक्कही २०३२च्या अखेरपर्यंत अबाधित आहे. हयात नाटककारांच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवत नाही. अनुवाद ही कायद्याने स्वतंत्र कृती असल्यामुळे मूळ लेखकाच्या परवानगीबरोबर अनुवादकाचीही परवानगी लागते, मानधनही दोघांना द्यावे लागते. पत्रात प्रयोगांची संख्या, तिकीट लावणार की नाही, आणि संहितेत काही कापाकापी करणार असल्यास ती कोठे, हे आधीच स्पष्ट लिहावे. बहुतेक नाटककार लहान संस्थांना अल्प मानधनात परवानगी देतात. न विचारता केलेला बदल मात्र त्यांना खपत नाही. प्रयोग झाल्यानंतर कार्यक्रमपत्रिकेची एक प्रत आणि प्रेक्षकांनी कोठे कसा प्रतिसाद दिला याची चार ओळींची नोंद लेखकाला पाठवावी. दूरच्या भाषेत आपल्या नाटकाचे काय झाले, हे कळण्याचा त्याच्यापाशी बहुधा दुसरा मार्ग नसतो.